एक हेक्टर माळ, एक वर्ष: माळरानाची नोंद आणि राखण

एप्रिलच्या दुपारी पुणे-सोलापूर रस्त्यालगतचा माळ उजाड दिसतो. पिवळट खुंट, उघडा मुरूम, मधूनच एखादा हिवर नाहीतर बोर. सप्टेंबरच्या शेवटी त्याच जागी गुडघे टेकून बसलं, तर हातभर जागेत पाच-सहा प्रकारची गवतं आणि तितक्याच बारीक फुलांच्या वनस्पती सापडतात. सरकारी कागदांवर अशा जमिनीची नोंद बहुधा 'पडीक' अशी असते. त्या एका शब्दापायी तिथे गिरिपुष्पाची झाडं लावली जातात, समतल चर खोदले जातात, सौर पॅनेल उभी राहतात. माळावर काय होतं याची नोंदच नसते, त्यामुळे काय गेलं हेही कुणाला सांगता येत नाही.

म्हणून राखणीची सुरुवात मोजणीपासून करायची. पर्जन्यछायेतल्या माळरानांवर, म्हणजे पुणे, सोलापूर, अहिल्यानगर, सातारा, सांगली भागातल्या ४०० ते ७०० मिलिमीटर पावसाच्या मुरमाड पट्ट्यात, कॉलेजचा विद्यार्थी, शिक्षक किंवा गावातला कुणी जाणता माणूस दोन-तीन सोबत्यांसह जे काम वर्षभरात करू शकेल, ते इथे क्रमाने दिलं आहे.

पहिलं काम मे महिन्यात: जागा ठरवणं

एक हेक्टर घ्या, १०० मीटर गुणिले १०० मीटर. पहिल्या वर्षी याहून जास्त नको. पाच हेक्टर घेणाऱ्यांच्या वह्या ऑगस्टनंतर बहुतेक कोऱ्या राहतात.

हा माळ कधी नांगरला गेला होता का, हे आधी शोधा. जुन्या बांधांच्या ओळी, एका बाजूला रचलेले दगड किंवा सपाट केलेले तुकडे दिसले तर तिथे एकेकाळी शेती होती. गुगल अर्थवर मागच्या वर्षांची उपग्रहचित्रं बघता येतात, तीही पाहा. एवढा खटाटोप करायचा कारण जुन्या माळाचं खरं धन जमिनीखाली असतं. बहुवर्षायू गवतांचे ठोंब, त्यांची मुळं आणि मुळाशी दडलेले कोंब एका नांगरटीत मरतात आणि परत यायला कित्येक दशकं लागू शकतात. वरून दोन्ही माळ हिरवेच दिसतात. न नांगरलेला माळ सापडला तर त्यालाच प्राधान्य द्या.

मग सातबारा काढा. गायरान असेल तर ग्रामपंचायतीचं पत्र घ्या, वनजमीन असेल तर वन परिक्षेत्र अधिकाऱ्यांना भेटा, खासगी पड असेल तर मालकाची लेखी परवानगी घ्या. नान्नज, मयूरेश्वर-सुपे किंवा रेहेकुरी यांसारख्या अभयारण्यात काम करायचं तर वन्यजीव विभागाच्या परवानगीशिवाय एक काडीही उचलता येत नाही. ती मिळायला महिने लागतात, म्हणून पहिलं वर्ष गायरानावरच काढावं.

त्या माळावर कुणाची जनावरं चरतात तेही मे महिन्यातच विचारून घ्या. धनगर आणि गुराखी हे या जमिनीचे सर्वांत जुने निरीक्षक आहेत. आल्या आल्या वही उघडू नका. सावलीला बसा, पाणी प्या, मग विचारा: "मामा, मेंढरं आधी कुठलं गवत तोडतात? अन् पूर्वी होतं ते आता दिसत नाही, असं कुठलं?" या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून जे कळतं, ते महिनाभर एकट्याने हिंडून कळत नाही. गवतांची स्थानिक नावं जशी कानावर पडतील तशीच लिहा. एका गावातला शेडा पुढच्या गावात पवन्या असतो, त्यामुळे नावाबरोबर गावाचं नावही हवं.

साहित्य

मोजायची जागा आखण्यासाठी जमिनीवर ठेवायची चौकट घरीच करा. अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचे चार तुकडे आणि चार एल्बो एवढं पुरतं. चौकटीचं माप आतल्या बाजूने बरोबर एक मीटर भरायला हवं. एल्बोमुळे ते थोडं वाढतं, म्हणून जोडून झाल्यावर टेप लावून पाइप कापा. तीनच बाजू सोल्युशनने चिकटवा आणि चौथी सुटी ठेवा. ऑक्टोबरमध्ये गवत कमरेएवढं असतं. बंद चौकट वरून टाकली तर ठोंब आडवे होतात आणि बाहेरचं गवत आत वाकतं. उघडी बाजू पुढे करून चौकट जमिनीलगत सरकवायची आणि मग चौथा पाइप लावायचा. पाइपांवर दर १० सेंटिमीटरला रंगाची खूण करा. १० गुणिले १० सेंटिमीटरचा तुकडा म्हणजे चौकटीचा एक टक्का. डोळ्याला हा एक टक्का एकदा कळला की अंदाज फारसा चुकत नाही.

याशिवाय ५० मीटरचा टेप, १० पट मोठं दाखवणारं भिंग, अर्ध्या ग्रॅमपर्यंत अचूक वजन दाखवणारा काटा, विळा, कागदी पिशव्या, जुनी वर्तमानपत्रं, पेन्सिल आणि जाड पुठ्ठ्याची वही लागेल. शाईपेन नको, पावसात पान वाहून जातं. फोटोत उंची कळावी म्हणून दीड मीटरची काठी घ्या आणि तिच्यावर दर १० सेंटिमीटरला लाल-पांढरे पट्टे ओढा.

पायात घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट आणि नडगीभोवती कॅनव्हासच्या पट्ट्या हव्यात. मुरमावर फुरसं इतकं मिसळून जातं की पाय पडेपर्यंत दिसत नाही. हात घालण्याआधी ठोंब काठीने हलवायचा. जून आणि ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर आभाळ भरून आलं की काम थांबवा, मोकळ्या माळावर सगळ्यांत उंच वस्तू तुम्हीच असता.

जून: खुणा

पहिल्या पावसानंतर हेक्टरचे चार कोपरे मोठ्या दगडांनी पक्के करा. आत २० चौकटींच्या जागा ठरवायच्या. ० ते ९९ आकड्यांच्या चिठ्ठ्या करा आणि प्रत्येक चौकटीसाठी दोन चिठ्ठ्या काढा. पहिला आकडा म्हणजे हेक्टरच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून पूर्वेकडे किती मीटर, दुसरा म्हणजे उत्तरेकडे किती. आकडे नेतील तिथे जा. तिथे नुसता खडक निघाला तर खडकाचीच नोंद करा. नवख्यांची चूक नेमकी इथे होते: 'इथे काहीच नाही' म्हणून चौकट दोन पावलं सरकवून गवताच्या गर्दीत ठेवली जाते आणि माळ आहे त्यापेक्षा दाट दिसायला लागतो. चौकट पाठीमागे भिरकावणं ही जुनी पद्धतही नको. फेकणारा नकळत बरी जागा बघूनच फेकतो.

जागेची खूण करताना फोनच्या जीपीएसवर विसंबू नका. त्याची चूक तीन ते पाच मीटरची असते आणि तुमची चौकट एकच मीटरची आहे. पुढच्या वर्षी तुम्ही भलत्याच जागेवर बसाल आणि फरक पडला असं समजाल. त्याऐवजी चौकटीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात १५ सेंटिमीटरचा खिळा रुंद वायसर घालून जमिनीसपाट ठोका आणि दोन कोपरदगडांपासून त्याचं अंतर टेपने मोजून लिहा. वर आलेली सळई लावू नका. ती जनावराच्या खुरात जाते, नाहीतर भंगारात.

फोटोसाठी चार जागा ठरवा. त्याच जागेवरून, त्याच दिशेला, छातीच्या उंचीवरून, पट्ट्यांची काठी दहा मीटरवर धरून जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि एप्रिलमध्ये फोटो काढा. ग्रामसभेत कुठल्याही तक्त्यापेक्षा हे चार फोटो जास्त बोलतात.

गवत ओळखायला शिकणं

इथे घाई चालत नाही. जुलैत सगळी गवतं सारखी दिसतात, कारण ओळख फुलोऱ्यात असते. मोजणीचा खरा हंगाम साधारण १५ सप्टेंबर ते २० ऑक्टोबर. त्याआधी पंधरा दिवस फक्त ओळखीचा सराव करा. चौकटीच्या बाहेरून फुलोरा, पान आणि थोडं मूळ येईल असा एकेक नमुना घ्या. वर्तमानपत्रात दाबा आणि पहिले चार-पाच दिवस कागद रोज बदला. आळस केला तर बुरशी धरते.

सगळी नावं एकदम शिकायला जाऊ नका. महाराष्ट्राच्या या पट्ट्यात मोजक्या गवतांपासून सुरुवात केली तरी माळाची तब्येत कळते.

शेडा: दाट ठोंब, प्रत्येक काडीच्या टोकाला एकच रुपेरी, किंचित वाकलेलं कणीस. भिंगातून पाहिलं की दाण्यावरच्या आवरणावर हिरव्या शिरांच्या रेघा उठून दिसतात. हे चांगल्या माळाचं गवत आहे. दबडघाव आणि शंकरनारायण या गवत-अभ्यासकांनी १९७३ मध्ये भारतातल्या गवताळ प्रदेशांचे पाच प्रकार केले. त्यांतल्या द्वीपकल्पाच्या प्रकाराला शेडा आणि मारवेल या दोन गवतांच्याच प्रजातींची (जीनसची) शास्त्रीय नावं दिली आहेत: सेहिमा-डायकँथियम.

मारवेल: काडी हातात धरून पेर बघा. पेराभोवती पांढऱ्या केसांचं कडं असतं. टोकाला बोटांसारखी जांभळट कणसं येतात. ही कड्याची खूण एकदा पटली की जन्मभर विसरत नाही.

डोंगरी: मोकळा फुलोरा, दाण्याच्या बुडाशी तांबूस-सोनेरी केस. संध्याकाळच्या उन्हात अख्खा उतार सोन्यासारखा दिसतो तो याच गवतामुळे.

कुसळी जरा निवांत पाहायला हवी. ऑक्टोबरमध्ये तिची काळपट, लांब कुसळं एकमेकांत गुंतून शेंड्याला वेणी घातल्यासारखी दिसतात. एक दाणा सोडवून घ्या. खाली सुईसारखं टोक, त्यावर मागे वळलेले राठ केस, वर पीळ पडलेलं कुसळ. तळहातावर ठेवून पाण्याचा एक थेंब टाका. पीळ उलगडू लागतो आणि दाणा स्वतःभोवती फिरतो. वाळला की पुन्हा पीळ बसतो. दवाने ओलं होऊन आणि उन्हाने वाळून दाणा असाच स्क्रूसारखा जमिनीत शिरतो. मेंढीच्या लोकरीतून कातड्यात शिरतो तोही तसाच. म्हणून धनगर कुसळी पिकायच्या आत तिथून मेंढरं हलवतात.

तीन कुसळांचं गवत, शास्त्रीय नाव ॲरिस्टिडा: एका दाण्याला तीन कुसळं फुटतात. बुटकं, विरळ आणि इथल्या बहुतेक जाती एका हंगामाच्या. हे जिकडेतिकडे दिसू लागलं तर समजा, माळ थकलेला आहे.

या गवतांमध्ये एक क्रम आहे. जनावरं शेडा, मारवेल आणि डोंगरी आवडीने खातात, त्यामुळे अती चराईत आधी तीच संपतात. त्यांच्या जागी कुसळी वाढते. तीही तुडवली गेली की ॲरिस्टिडा उरतं आणि मग उघडा मुरूम. तिखाडीसारखी उग्र वासाची गवतं गुरं टाळतात, म्हणून तीही पसरतात. २० चौकटींत यांचं प्रमाण काय, एवढ्यावरून माळ या उतरणीवर कुठे आहे ते समजतं.

नाव कळलं नाही तर अंदाजाने ठोकून देऊ नका. 'गवत क्र. ७' असं लिहा, नमुन्याला तोच क्रमांक द्या आणि पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रातल्या किंवा जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्र विभागातल्या जाणकारांना दाखवा. चुकीचं नाव वहीत एकदा शिरलं की पुढची सगळी वर्षं तेच उतरवलं जातं.

मुख्य मोजणी

सकाळी दव गेल्यावर सुरू करा. चौकटीशी दोघं हवेत, एक बघणारा आणि एक लिहिणारा. वहीत प्रत्येक चौकटीसाठी या गोष्टी लिहा: तारीख, चौकट क्रमांक, प्रत्येक जातीने किती टक्के जागा झाकली, उघडी माती किती, दगड किती, वाळका पालापाचोळा किती, लेंड्या किंवा शेण आहे का, सगळ्यांत उंच गवत किती सेंटिमीटर.

टक्केवारी अगदी नेमकी लिहायच्या मागे लागू नका. सहा गट करा: ०-५, ५-२५, २५-५०, ५०-७५, ७५-९५ आणि ९५-१००. नंतर प्रत्येक गटाचा मध्य धरायचा: २.५, १५, ३७.५, ६२.५, ८५ आणि ९७.५. दोन माणसांचे अंदाज २८ आणि ३३ असे वेगळे आले तरी गट तोच राहतो, हा याचा फायदा. गवतं एकावर एक झुकलेली असतात, म्हणून बेरीज शंभराच्या वर गेली तर घाबरू नका. ती बळेच शंभरवर आणणं ही मात्र चूक.

पहिल्या दिवशी तीन चौकटी दोघांनी स्वतंत्रपणे मोजाव्यात आणि मग ताडून पाहाव्यात. फरक कुठे पडतो ते तिथेच लक्षात येतं. सहसा तो बारीक वनस्पतींमध्ये पडतो, कारण उभ्याने बघणाऱ्याला त्या दिसतच नाहीत. गुडघे टेकायलाच हवेत.

वर्षाच्या शेवटी सर्वांत उपयोगी पडणारा आकडा साधा आहे. शेडा २० पैकी १४ चौकटींत सापडला, तर त्याचा आढळ ७० टक्के. पुढच्या वर्षी तो ११ चौकटींत आला तर कारण शोधा. एका वर्षाच्या फरकावर निष्कर्ष मात्र काढू नका. पाऊस कमी-जास्त झाला तरी हंगामी वनस्पती खूप हलतात. म्हणून प्रत्येक वर्षीचा पाऊस जवळच्या पर्जन्यमापकावरून वहीत टिपलाच पाहिजे.

चारा किती, जनावरं किती

हा हिशेब गावाला पटतो. ऑक्टोबरच्या मध्यावर, कायमच्या चौकटींपासून लांब, अर्ध्या मीटरच्या लहान चौकटीने दहा ठिकाणी गवत जमिनीपासून दोन-तीन बोटं वर कापा. चरलेल्या जागी कापून उपयोग नाही. जूनमध्येच काटेरी फांद्यांनी दहा लहान जागा झाकून ठेवा आणि तिथलं कापा. कागदी पिशव्यांत भरून पत्र्याखाली वाळवा. लागोपाठ तीन दिवस वजन तेच आलं की वाळलं. प्लॅस्टिकची पिशवी वापरली तर गवत कुजतं आणि वजन खोटं येतं.

एका जागेचं सरासरी वजन ४५ ग्रॅम आलं असं धरू. अर्धा गुणिले अर्धा मीटर म्हणजे पाव चौरस मीटर, म्हणून ग्रॅमला ४० ने गुणलं की हेक्टरी किलो मिळतात. ४५ गुणिले ४० म्हणजे १८०० किलो. यातलं अर्धं जमिनीसाठी, मुळांसाठी आणि बियांसाठी सोडायचं. उरले ९०० किलो. तीस किलोची मेंढी रोज साधारण एक किलो वाळका चारा खाते. म्हणजे हा हेक्टर वर्षभर अडीच मेंढ्या पोसू शकतो. गायरान ४० हेक्टरचं असेल तर शंभर मेंढ्या. तिथे चारशे चरत असतील, तर तीन कुसळांचं गवत का वाढलं याचं उत्तर समोर आहे. हा आकडा कुणाला दोष देण्यासाठी वापरू नका. फिरस्ता वाडा, म्हणजे मेंढपाळांचा कळपासह फिरणारा तळ, महिना-दोन महिने चरून पुढे जातो, त्यामुळे त्याचा भार गावातल्या कायमच्या जनावरांपेक्षा कमीही असू शकतो. किती जनावरं, किती दिवस, दोन्ही मोजा.

पाखरं, किडे, पाऊलखुणा

महिन्यातून एकदा, उजाडल्यापासून दोन-अडीच तासांत, एक किलोमीटरची ठरलेली सरळ वाट चाला. तासाभरात एक किलोमीटर, याहून वेगाने नको. पक्षी रेषेपासून किती दूर दिसला तेही लिहा, नाहीतर उंच गवतात लपलेल्यांची संख्या कमी भरते. डोंबारी चंडोल, माळटिटवी, धाविक, पखुर्डी ही माळाची खरी माणसं. ऑक्टोबरनंतर भोवत्या हे शिकारी पक्षी उत्तरेकडून येतात, नाकतोड्यांवर पोट भरतात आणि रात्री उंच गवतात जमिनीवरच बसतात. सगळं गवत डिसेंबरात कापून टाकलं तर त्यांना टेकायला जागा राहत नाही.

मार्च ते ऑगस्ट बरीच माळपाखरं उघड्या जमिनीवर अंडी घालतात. टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली की आल्या पावली मागे फिरा. कुत्रं बरोबर नेऊच नका.

सरड्यांकडेही लक्ष द्या. गळ्याखालचा रंगीत पंखा फुलवणाऱ्या सरड्यांच्या एका गटाला २०१६ मध्ये नवीन प्रजातीचा (जीनसचा) दर्जा मिळाला. त्याचं शास्त्रीय नाव आपल्याच बोलीतलं आहे: सरडा. त्यातली एक जात सातारा जिल्ह्यातल्या चाळकेवाडीच्या पठारावरची आहे. उन्हाळ्यात नर दगडावर चढून पंखा दाखवतात आणि तेव्हाच सहज मोजता येतात. दगड वेचून माळ साफ केला की त्यांचे मंच जातात.

नोंदी ई-बर्ड आणि आय-नॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर टाका, पण लांडग्याची गुहा, खोकडाचं बीळ किंवा घुबडाचं घरटं यांची जागा कधीही उघड करू नका. फोटोसाठी झुंबड उडते आणि मादी पिल्लं हलवते. कधी कधी ती पिल्लं मरतात.

आता राखण

पहिलं आणि सर्वांत महत्त्वाचं: माळावर झाडं लावू नका. हे ऐकून पुष्कळांना वाईट वाटतं, कारण झाडं लावणं आपल्याकडे पुण्याचं काम. पण ही गवतं भर उन्हात वाढणारी आहेत. गिरिपुष्पाची किंवा सुबाभळीची दाट सावली पडली की शेडा, मारवेल विरळ होत जातात आणि त्यांच्याबरोबर चंडोल, धाविक, चिंकारा यांची जागाही जाते. माळावर झाडं असतात, पण ती विखुरलेली आणि इथलीच: हिवर, बोर, हिंगण, पळस. ती आपली आपण येतात, फक्त तोडू नका. माळ म्हणजे तुटलेलं जंगल हा समजही सोडून द्यायला हवा. गेल्या साडेसातशे वर्षांतल्या मराठी साहित्यात आणि लोककथांत आलेल्या झाडाझुडपांचे उल्लेख तपासणारा एक अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही हा मुलूख तेव्हापासून मोकळ्या, काटेरी माळांचाच होता असं दिसतं.

समतल चरांचंही तसंच. पाणी जिरवण्यासाठी ते शेताच्या वरच्या उघड्या, खरवडलेल्या उतारावर ठीक आहेत. चांगल्या गवताच्या माळावर यंत्राने चर खणले की ठोंब उपटले जातात, खालचा मुरूम वर येतो आणि त्या ढिगांवर गाजर गवत उगवतं. दाट गवताची मुळं स्वतःच पाणी जिरवत असतात. काम मंजूर होण्याआधी ग्रामसभेत तुमच्या चौकटींचे आकडे ठेवा आणि चर कुठे हवेत, कुठे नकोत ते नकाशावर दाखवा.

वेडी बाभूळ काढायची तर मुळासकट. नुसती कापली तर बुडखा दहा फांद्या फोडतो आणि झुडूप आधीपेक्षा दाट होतं. पहिल्या पावसानंतर जमीन मऊ असताना कुदळीने बुंध्याभोवती खणा आणि मुळाचा गड्डा जमिनीखाली एक वीत तरी खाली तोडून बाहेर काढा. शेंगा पिकण्याआधी हे काम उरका, कारण गुरं-शेळ्या शेंगा खातात आणि शेणातून बी सगळीकडे पेरलं जातं. किमान तीन वर्षं जुलैत फिरून रोपं उपटत राहा. जिथे उपटलं तिथे त्याच दिवशी गवताचं बी टाका, उघडी जागा राहिली तर गाजर गवत तिचा ताबा घेतं. एक काळजी घ्या: सगळी झुडपं एकदम काढू नका. त्यांच्या बुडाशी खोकडाचं बीळ असेल तर तेवढी जागा पिल्लं बाहेर पडेपर्यंत सोडा.

बी विकत आणू नका, त्याच भागातल्या माळावरचं गोळा करा. कणीस मुठीतून ओढल्यावर दाणे सहज हातात आले तर पिकलं. एका जागेवरचं सगळं ओरबाडू नका, तिसऱ्या हिश्श्याहून कमी घ्या. सावलीत वाळवून कापडी पिशवीत ठेवा. ताजं बी लगेच उगवत नाही, त्याला काही महिन्यांची झोप लागते. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरचं बी पुढच्या जूनमध्येच पेरायचं. एक भाग बी, एक भाग शेण, तीन भाग चिकण माती आणि एक भाग वाळू मिसळून हरभऱ्याएवढ्या गोळ्या करा. त्यामुळे हलकं, केसाळ बी वाऱ्याने उडत नाही आणि मुंग्यांपासूनही थोडं वाचतं. गोळ्या जमिनीवर पसरून वर नखभर माती येईल एवढंच झाका. खोल गेलेलं बी वर येत नाही. मारवेलासाठी मुळांसह ठोंब लावणं जास्त खात्रीचं, अर्ध्या-अर्ध्या मीटरवर, म्हणजे गुंठ्याला साधारण ४०० ठोंब.

चराई पूर्ण बंद करणं हा सोपा, पण अपुरा उपाय. दोन-तीन वर्षं फरक छान दिसतो. मग न खाल्लेल्या वाळक्या गवताचा थर साचतो, त्याखाली बारीक फुलझाडं गुदमरतात आणि एक ठिणगी सगळं नेते. गायरानाचे चार तुकडे करा. दरवर्षी एक तुकडा जून ते ऑक्टोबर, म्हणजे बी पडेपर्यंत, बंद ठेवा आणि बाकीचे आळीपाळीने चारा. चार वर्षांत प्रत्येक तुकड्याला एकदा बी पाडायला मिळतं. कुठला तुकडा कधी बंद, हे गावातली जनावरं असणारे आणि दरवर्षी येणारा वाडा दोघांना बसवून ठरवा. वाड्याला वगळून केलेला नियम पहिल्याच हंगामात मोडतो. कापून नेणाऱ्यांसाठी नियम सोपा ठेवा: विळा चार बोटं वर, आणि दर तीन पट्ट्यांमागे एक पट्टा उभा सोडायचा, दरवर्षी वेगळा. फुलोऱ्यात कापलेला चारा जास्त पौष्टिक असतो, पण सगळा तेव्हाच कापला तर बी पडत नाही. उभा पट्टा ही दोन्ही गरजांची तडजोड आहे.

आगीसाठी जाळरेषा फेब्रुवारीच्या मध्याआधी काढून ठेवा: रस्त्याच्या आणि शेतांच्या कडेने तीन-चार मीटर रुंद पट्टा गवत कापून मोकळा करायचा. पट्टा जाळून काढायचा असेल तर तो वन कर्मचाऱ्यांच्या उपस्थितीतच. 'जाळलं की नवं गवत चांगलं येतं' म्हणून मार्च-एप्रिलमध्ये माळ पेटवतात, तेव्हा टिटवी आणि चंडोलांची अंडी जमिनीवर असतात. त्या महिन्यांतली आग कुठल्याही कारणाने नको.

नोंद कुठे ठेवायची

वहीच्या तीन प्रती करा. एक तुमच्याकडे, एक शाळेत किंवा महाविद्यालयात, आणि एक गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत ही समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. बऱ्याच नोंदवह्यांत माळरानाचं पान रिकामं असतं किंवा तिथे 'गवत' एवढाच शब्द असतो. तिथे गवतांची स्थानिक नावं, आढळाचे टक्के, मेंढपाळांनी सांगितलेल्या हरवलेल्या जाती आणि चार फोटो लावून घ्या. त्या पानावर समितीचा शिक्का आणि तारीख मागून घ्या. उद्या त्या जमिनीवर कुठलाही प्रस्ताव आला तर ग्रामसभेला हातात धरता येईल असा तोच कागद असतो.

दुसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये सगळ्यांत आधी कोपरदगडांपासून टेप लावून वीसच्या वीस खिळे सापडतात का ते पाहा. दोन-तीन हरवलेले असतील, ते मोजलेल्या अंतरावर पुन्हा ठोका आणि वहीत तारखेसह तसं लिहा.